शेवटच्या टोल्याआधी

तासबा कुणाशीही बोलताना डावा डोळा मिटून घेत. समोर संस्थानचे कारभारी असोत, भाजीवाली असो की आमच्यासारखं शेंबडं पोर असो, त्यांचा डावा डोळा आपोआप मिटे आणि उजवा बारीक होऊन आपल्यावर रोखला जाई. नवख्याला वाटायचं, गडी डोळा मारतोय. नाशकाहून आलेल्या माझ्या मावशीनं तर दुसऱ्याच दिवशी आईकडे तक्रार केली, "तुमच्या दरवाज्यावरचा तो म्हातारा काही चांगल्या चालीचा दिसत नाही हो." आई हसून हसून बेजार झाली. तासबांना कुणी विचारलंच तर म्हणायचे, "एका माणसाला बघायला एक डोळा पुरतो. दुसरा उगाच कशाला झिजवायचा?" खरं कारण अख्ख्या जव्हारला ठाऊक होतं. चाळीसेक वर्षं दुर्बिणीला डोळा लावून त्यांना ती खोडच जडली होती.

त्यांचं खरं नाव मला कधी कळलं नाही. संस्थानच्या मोठ्या दरवाज्यावर काशाचा जाडजूड तास टांगलेला असे. देवडीतल्या घड्याळात पाहून सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत लाकडी मोगरीनं त्यावर टोले द्यायचे, ही त्यांची नोकरी. त्यावरून ते झाले तासबा. देवडीच्या मागे एका खोलीत ते आणि काकी राहत. मूलबाळ नव्हतं. आमचं घर गल्लीच्या पलीकडे, कारण माझे वडील कचेरीत कारकून होते. काकीच्या चुलीवर भाजलेली नाचणीची भाकरी आमच्या घरच्या भाकरीपेक्षा मला जास्त आवडायची. हे आईला सांगायची सोय नव्हती.

टोले देण्याची त्यांची एक तऱ्हा होती. सगळे टोले सारख्या चालीनं पडत आणि शेवटच्या टोल्याआधी ते श्वासभर थांबत. सात वाजले असतील तर सहा टोले सलग, मग गप्प, आणि मग सातवा. मी कारण विचारलं, तर डोळा मिटून म्हणाले, "मोजणाऱ्याला वाटायला हवं की संपलं. मग एक हळूच द्यायचा. चुकलेला माणूस पुढच्या तासाला कान देऊन ऐकतो." दुपारी एक वाजता ते काय करत असतील, हा आमच्या घरचा ठरलेला विनोद होता. वडील म्हणत, आधी थांबत असतील आणि मग मारत असतील. जव्हार पठाराच्या टोकावर, आणि खाली नुसती दरी. गावात गलका नसला की तो आवाज खालच्या पाड्यांपर्यंत जाई. भात लावणाऱ्या बायका त्या टोल्यांवर भाकरीला बसत.

दुर्बीण त्यांच्याकडे कशी आली, त्याची गोष्ट छोटीच आहे. तरुणपणी ते एका मोजणीसाहेबाबरोबर निशाणाच्या काठ्या घेऊन डोंगर हिंडले होते. साहेबानं आपल्या मुलासाठी विलायतेहून ती मागवली होती, हातभर लांबीची, पितळी, लाकडी तिकाटण्यावर बसणारी. नवशिक्या पोरांसाठी असते तसली. मूल हिंदुस्थानात यायच्या आधीच गेलं. साहेबानं जाताना पेटी तासबांच्या हातात ठेवली आणि मागे वळून पाहिलं नाही. पेटीच्या झाकणावर त्या मुलाचं नाव कोरलेलं होतं. तासबांना इंग्रजी येत नव्हतं. मला येऊ लागलं तोवर ती पेटी नजरेआड झाली होती. तासबा आणि आम्ही सगळे तिला नळी म्हणत असू.

संध्याकाळचे सातचे टोले दिले की जोडीदाराला देवडीत बसवून तासबा नळी खांद्यावर टाकत आणि मारुतीच्या देवळामागच्या कातळावर जात. मागून आमची वरात. कारकुनांची पोरं, शिंप्याची, देवळाच्या गुरवाची, आणि मोळ्या विकायला वर आलेल्या पाड्यांवरच्या बायांची पोरं, ज्यांच्या आया त्या रात्री बाजारातल्या ओट्यावर मुक्काम करत. कातळावर कोण कुणाचं, हे चालत नसे. रांगेत उभं राहायचं. एकेकानं डोळा लावायचा. तासबा वीस अंक मोजणार, तेवढ्यात बघून घ्यायचं आणि बाजूला होऊन काय दिसलं ते सांगायचं. सांगितल्याशिवाय पुढच्याचा नंबर नाही.

आणि इथेच खरी गंमत होती. "दिसतंय ते बोल, ठाऊक आहे ते नको," हे त्यांचं पालुपद. माझा पहिला नंबर आला तेव्हा मी चंद्र पाहिला आणि शहाण्यासारखं सांगितलं, "ससा दिसला." तासबा म्हणाले, "ससा तुला आईनं दाखवला. नळीत काय दिसलं?" मला सांगता येईना. मी रांगेच्या शेवटी. माझ्या मागे एक काळीसावळी, केस तांबूस पडलेली वारल्यांची पोर होती. चैती तिचं नाव, माझ्याहून वर्षभरानं लहान. तिनं डोळा लावला, वीस अंक संपले तरी काढला नाही, मग वळून म्हणाली, "चांदाला देवी आल्यात." पोरं खदखदून हसली. तासबा हसले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या तोंडावर देवीचे वण होते. त्यांनी गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरोबर. खड्डे खड्डे आहेत. पुन्हा बघ." दोनदा नंबर मिळालेली ती पहिली पोर. मला तिचा राग आला आणि त्याच रात्री आमची गट्टी झाली.

पुढं दोन वर्षं आम्ही दोघींनी त्या नळीतून काय काय पाहिलं. उघड्या डोळ्यांना सहा-सात दिसणाऱ्या कृत्तिका नळीत मूठभर सांडलेल्या दिसायच्या. शुक्राची चांदणी कोरीसारखी कापलेली दिसली तेव्हा मी तर ओरडलेच. सप्तर्षींना चैतीच्या घरी बाज आणि तीन चोर म्हणत. चोरांतल्या मधल्याच्या कडेवर आणखी एक बारका चोर आहे, हे तिनंच आम्हाला दाखवलं. तासबा तिच्यावर खूष असत. "हिला शाळा नाही म्हणून हिला दिसतं," असं माझ्या देखत म्हणायचे आणि मग माझं तोंड पाहून जोडायचे, "तुलाही दिसेल, बाय. जरा विसरायला शीक."

एक मात्र त्यांची सक्त ताकीद होती. नळी जमिनीकडे फिरवायची नाही. "जमिनीला डोळे पुरेत," एवढंच ते सांगत. खरं कारण मला काकीनं सांगितलं होतं. त्या नळीत सगळं उलटं दिसायचं. चंद्राचं काही बिघडत नसे, कारण त्याचं डोकं कुठलं आणि पाय कुठले, हे कोण सांगणार? पण झाड, घर, माणूस बघितलं की मुळं वर आणि शेंडा खाली. साहेबाबरोबर असताना तासबांनी एकदा नळी लावून आपल्या गावाकडं पाहिलं होतं आणि त्या रात्री जेवले नव्हते.

आता माझ्या करणीची गोष्ट. दिवाळीला आठ दिवस होते. भिंगांवरची धूळ मलमलीच्या फडक्यानं पुसायचं काम तासबांनी मला दिलं होतं, त्याचा मला केवढा तोरा. त्या दिवशी भरदुपारी तासबा देवडीत होते, काकी विहिरीवर, आणि चैती दाराशी बसून माझं पुसणं बघत होती. तिच्या आईला बाजारात मोळी विकून तसंच खाली जावं लागलं होतं, खळ्यावर भात झोडायचं होतं म्हणून. पोर मावशीबरोबर मागं राहिली होती. ती म्हणाली, "माझी आयस दाखव ना." तिचा पाडा कातळावरून खाली दिसायचा. सरळ रेषेत कोसभर, पायवाटेनं दोन तास. मी नळी उचलली. ताकीद मला ठाऊक होती. मी तरीही उचलली.

कातळावर तिकाटणं ठेवून मी पाडा शोधला. मग चैतीनं डोळा लावला. तिला घर सापडलं, खळं सापडलं, लाल फडकं बांधलेली आई सापडली. ती आधी हसली. मग तिनं नळी घट्ट धरली. "आयस उलटी चालते," ती म्हणाली. "पाय आभाळात आहात." मी काकीचं ऐकलेलं सगळं तिला समजावलं, भिंगामुळं होतं, खरं नसतं. ती ऐकून घेत होती, पण तिचा हात थंड पडला होता. तिची आजी सांगायची, मेलेली माणसं जमिनीच्या खालच्या अंगानं चालतात, आपल्या तळपायांना तळपाय लावून. म्हणून त्यांचं डोकं खाली. म्हणून माणूस गेलं की त्याच्या घरात जमिनीवर पाय आपटायचे नाहीत.

त्या वर्षी मानमोडीची साथ आली. आमच्या पिढीला तो शब्द नुसता उच्चारला तरी पुरे. ताप, अंगाची मोडतोड, तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस खलास. कचेरी ओस पडली, बाजार बंद झाला, तासबांचा जोडीदार आपल्या गावी गेला तो परतलाच नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी चैती एकटी घाट चढून वर आली. पाय रक्तबंबाळ. तिची आई दोन दिवस तापानं फणफणत होती. पोर तासबांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "नळीनं आयस उलटी केली. तू सुलटी कर."

तासबांनी विचारलं, "नळी खाली कुणी फिरवली?" मी दाराशी उभी होते. चैतीनं माझ्याकडं पाहिलं नाही. मी तोंड उघडलं नाही. तासबांनी मान वळवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडं दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. एवढंच. रागावले असते, थोबाडीत दिली असती, तर मला पुढं आयुष्यभर बरं वाटलं असतं.

रात्रभर ते जागे होते. घड्याळ साफ करताना डोळ्याला लावायचं त्यांचं एक भिंग होतं. ते त्यांनी कळकाच्या नळकांड्यात बसवलं, नळकांडं नळीला जोडलं, पुढं-मागं सरकवत दिव्याच्या ज्योतीकडं पाहत राहिले. उलट्याचं उलटं केलं की सुलटं होतं, हे त्यांनी कधीतरी ताडलेलं असणार. काकी म्हणाली, "अहो, अशानं ताप उतरतो होय?" ते म्हणाले, "ताप नाही उतरत. पोरीचं भ्या उतरेल. आई बरी होईल आणि ही जन्मभर भीत बसेल, ते नको." आई बरी होणार, हे ते धरूनच चालले होते. चूक म्हणायची तर ती एवढीच.

सकाळी सहाचे टोले देऊन आम्ही कातळावर गेलो. धुकं उतरत होतं. तासबांनी नळी लावली, स्वतः बघितलं नाही, पोरीला म्हणाले, "बघ. झाडं सुलटी झाली का?" "झाली." "घर?" "घर पण सुलटा आहा." ते खुलले. सवयीनं बोलून गेले, "दिसतंय ते बोल." चैती बोलली. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे, कारण त्यात काहीच नव्हतं. "चार माणसा आहात. सगळी सुलटी. आयस आडवी आहा."

त्या दिवशी जव्हारला सातचे टोले पडले नाहीत. तासबा पोरीला पाठुंगळी घेऊन दरी उतरत होते.

भाऊबीजेला चैतीचा मामा वर आला. गरीब माणूस, देवडीच्या पायरीखाली बसला आणि बराच वेळ नुसता गवताची काडी मोडत राहिला. मग त्यानं सांगितलं. पाड्यावर आणखी तीन माणसं गेली होती. भगतानं तांदळाचे दाणे पाहिले. पोरीनं नळीतून आईला एकदा पाहिलं तर आई आजारी पडली, दुसऱ्यांदा पाहिलं तर मेली. पोर भुताळी आहे, तिच्या नजरेनंच माणसं मरतात, असं ठरलं होतं. तिला पाड्याबाहेर शेतातल्या माळ्यावर ठेवली होती आणि भाकर लांबून टाकत होते. "साथ थांबली नाय तं पुढा काय करतील तां माना नको विचारू," तो म्हणाला. नऊ वर्षांची पोर ती. दुसऱ्यांदा बघायला कुणी लावलं, हे तासबांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढचं मी पाहिलेलं नाही. तासबांचा नियम पाळायचा तर हे सांगून टाकायला हवं. काकी त्यांच्याबरोबर गेली होती, तिनं सांगितलेलं आहे. तासबांनी खळ्यावर सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, "नळी माझी. खाली मी फिरवली. पोरीला बघायला मी लावलं. तिनं केलं काय? दाखवलं ते बघितलं." मग त्यांनी कळकाचं नळकांडं काढून ठेवलं, नळी खळ्याच्या एका टोकाला लावली आणि स्वतः लांब बांधावर जाऊन उभे राहिले. "या एकेक," त्यांनी ओरडून सांगितलं. "मला बघा. उलटा दिसतो ना? सगळ्यांनी बघा. ह्या पुनवेपर्यंत मी मेलो, तर नळी माणसं खाते, पोर खरी भुताळी, तुमचं तुम्ही करा. जगलो, तर पोरीला घरात घ्यायची. माझा तास तुम्हाला अठं ऐकू येतो. रोज मोजा."

काकी सांगायची, म्हाताऱ्यांपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळ्यांनी डोळा लावला. भगतानंही लावला. काकीलाही त्यांनी लावायला लावला. "चांगला उलटा टांगलेला दिसला गं वाघळासारखा," असं म्हणून ती हसायची आणि पदर डोळ्यांना लावायची. येताना नळी त्यांनी तिथेच ठेवली. पुनव झाली की घेऊन जाईन म्हणाले. मानमोडीच्या दिवसांत, घरटी माणसं पटापट जात असताना, साठीच्या माणसानं बारा-तेरा दिवस जगून दाखवायची पैज लावली होती.

सप्तमीला त्यांच्या अंगात कणकण आली. अष्टमीला ते भिंतीला टेकून टोले देऊ लागले. आई मला त्या घरी जाऊ देत नव्हती, तरी मी मागच्या बोळातून जात होते. मोगरी ते दोन्ही हातांनी उचलू लागले, पण शेवटच्या टोल्याआधीचा श्वास ते चुकवत नव्हते. मला तर वाटायचं, आता तो श्वास त्यांना सोयीचाच झाला असेल. नवमीच्या रात्री नऊ टोले देऊन ते उंबऱ्यात बसले आणि मला म्हणाले, "बाय, काकीला घड्याळ वाचता येत नाही. तुला येतं." मी मान डोलावली. त्यांना काय म्हणायचं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दशमीला दुपारी तीनचे टोले त्यांनी दिले. चारच्या आत गेले. मी खोलीच्या दारात होते. काकीनं हंबरडा फोडला नाही. तिनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, उजवा डोळा मिटला, डावा आधीच मिटलेला होता. मग उठली, भिंतीशी टेकवलेली मोगरी घेतली आणि मला विचारलं, "पोरी, काटा कुठं आहे?" मी म्हणाले, "चार वाजले, काकी." तिनं चार टोले दिले.

आत तासबा होते आणि बाहेर तासबांचा तास चालू होता. मी दहा वर्षांची होते. त्या वयात माणसाला भुताची भीती वाटते. मला त्या दिवसापासून भुताची भीती कधी वाटली नाही.

संध्याकाळी चौघांनी त्यांना नेलं. त्या दिवसांत एक चिता जास्त पेटली म्हणून विचारायला कुणी उरलं नव्हतं. पहारेकऱ्यानं बाईमाणसाच्या हातात संस्थानची मोगरी पाहिली आणि तो तोंड फिरवून तंबाखू मळत बसला. काकीनं बांगड्या फोडल्या नाहीत, कुंकू पुसलं नाही. खालून कोणी वर आलं आणि त्यानं पाहिलं तर? पहाटे सहाला ती मला हाक मारायची, मी काटा सांगायचे, ती टोले द्यायची. रात्री नऊपर्यंत. एकदा मी म्हणाले, "काकी, शेवटचा जरा थांबून द्या. ते थांबत." ती म्हणाली, "मला ठाऊक नाही होय गं? चाळीस वर्षं ऐकतेय. पण थांबले तर पुढचा हात उठायचा नाही."

टोले सलग पडत राहिले.

त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र उगवला तेव्हा देवळापुढं एकच पणती होती. रात्रीचे नऊ टोले काकीनं दिले, मोगरी खाली ठेवली आणि तासाच्या कडेवर दोन्ही हात आपटून बांगड्या फोडल्या. तो आवाज काही फार मोठा झाला नाही. खाली पाड्यापर्यंत तर मुळीच गेला नसेल.

आठवड्यानं कळलं की चैतीला घरात घेतलं. साथही तोवर ओसरत आली होती. पुढच्या वर्षी वडिलांनी संस्थानची नोकरी सोडली आणि आम्ही ठाण्याला गेलो. काकी माहेरी, मोखाड्याकडं कुठंशी गेली. तिची-माझी पुन्हा भेट नाही.

मला त्या गोष्टीनं सोडलं नाही. लग्नात फोटोवाल्यानं काळ्या फडक्याखाली डोकं घालून मोठ्या कौतुकानं मला म्हटलं, बघा वहिनी, काचेवर साहेब कसे दिसतात ते. मी बघितलं. नवरा उलटा टांगलेला. मी जी किंचाळले, ती मांडवातून पळालेच. सासरकडच्यांनी बरेच दिवस मला अंगात येणारी म्हणून वागवलं. आमचे हे पुढं चाळीस वर्षं ठणठणीत सुलटे राहिले आणि रोज आमटीला नावं ठेवत राहिले, ते सोडा. पण घड्याळात टोले पडू लागले की मी हातातलं काम सोडून मोजते. अजून.

जव्हारला परत जायला मला खूप वर्षं लागली. तिथं मुलांच्या शाळेत माझा भाऊ मास्तर झाला होता, त्याच्याकडं गेले होते. बाजारात कंदमुळांची पाटी घेऊन बसलेल्या एका बाईनं माझ्याकडं टक लावून पाहिलं. केस अजून तांबूसच होते. चैतीनं मला पाटीच्या मागे बसायला जागा करून दिली. तिला तीन पोरं होती. मी विचारलं, "नळी?" ती म्हणाली, "घरात आहा. न्यायला कोणी आलां नाय." "पोरांना दाखवतेस?" "चांद दाखवतां. खाली नाय करू देत."

मग मी इतकी वर्षं न सांगितलेलं बोलले. नळी मी फिरवली होती. ती म्हणाली, "आन आयस दाखव, असां कोण सांगं?" एवढं बोलून तिनं कंदावरची माती झाडली. मला वाटलं, आता दुसरं सांगून टाकावं. तासबा पौर्णिमेपर्यंत जगले नव्हते, शेवटचे दिवस आम्ही तिच्या पाड्याला फसवलं होतं. मी शब्द जुळवत होते, तोवर तीच म्हणाली, "तो दशमीला गेला ना? तीन आन चारच्या मधी."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी माळ्यावर होती," ती म्हणाली. "दुसरा काम काय? मोजं. तीनचा शेवटचा थांबून पडला. चारचा नाय थांबला. पाचचा नाय थांबला. माना समजला."

"आणि पाड्यावर?"

"त्यांना आकडाच ठाव. रोज मीच वरडून सांगं, ऐका, तासबा जिता आहा." तिनं पाटीवरचं फडकं सारखं केलं. "दिसतां तां बोल, असां तो सांगं. ऐकू येतां तां बोल, असां कठं सांगलता?"

तिच्या जिवाची ती पैज होती आणि ती हरली आहे, हे त्या उघड्या माळ्यावर तिला एकटीला ठाऊक होतं. पाच दिवस. कुणाला सांगायची सोय नाही, रडायची सोय नाही. तिचा तो हात मी धरून बसले. थंड नव्हता, कष्टानं खरबरीत झाला होता.

तेवढ्यात पाच वाजले आणि दरवाज्यावर तास वाजू लागला. आता तिथं कोणी नवा माणूस होता. आम्ही दोघी बोलायच्या थांबलो. एक, दोन, तीन, चार. चौथ्यानंतर मी श्वास धरला. चैतीनंही धरला, मला तिच्या हातात कळलं. पण तो माणूस थांबला नाही.